पेटीतला अपॉस्ट्रॉफी

१२ मे, देवगड. रात्रीचे दहा.

दुपारी शेजारच्या काकींच्या पडवीत हापूसच्या पेट्या भरत होते. मी सहज डोकावले. त्यांची लेक गेल्या वर्षी दहावीला माझ्याकडेच इंग्रजी शिकत होती. बेंगळुरूला जाणाऱ्या पेट्यांत टाकायला तिने स्वतःच्या हाताने इंग्रजीत चिठ्ठी लिहिली होती. पहिलंच वाक्य, 'वुई आर हॅविंग बेस्ट मँगो'ज.'

तिचे चुलते चाकरमानी, परवाच मुंबईहून आलेत. त्यांनी चिठ्ठी उचलली, सगळ्या गड्यांसमोर मोठ्याने वाचली आणि विचारलं, "दहा वर्षां शाळेत जाऊन ह्याच शिकलंस?" पोरीने कागद हातातून घेतला, फाडला आणि ती आत निघून गेली.

मी काहीच बोलले नाही. ते वाक्य कानावर पडलं तेव्हा माझ्याही कपाळाला आठी पडली होती. त्यांचा राग मला ओळखीचा होता, कारण तो माझाही आहे. वीस वर्षं मी त्याच चुकांवर लाल शाई ओतत आले आहे. अनेकवचनाला अपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षराच्या डोक्यावरचा तो स्वल्पविराम, दिसला की अजून माझा हात थांबतो.

पण घरी आल्यावर ती चिठ्ठी डोळ्यांपुढून हलेना. 'आमच्याकडे आंबे आहेत' हे ती मराठीत मनाशी बोलली असणार. इंग्रजीतलं मालकीचं 'हॅव' आयएनजी घेत नाही, हे मराठीच्या कानाला कसं कळावं? 'डिस्कस अबाउट' मुलं का लिहितात? आपण एखाद्या गोष्टी'विषयी' चर्चा करतो म्हणून. 'वन ऑफ माय फ्रेंड' का? 'माझा एक मित्र' म्हणताना मित्र एकच असतो म्हणून. इंग्रजी आधी सगळे मित्र गोळा करते आणि त्यांतला एक उचलते, म्हणून तिथे 'फ्रेंड्स' लागतं. एवढं फळ्यावर समजावलं तर वर्ग पटकन धरतो. नुसता लाल गोल काढला तर पोर पुढच्या वेळी वाक्यच लिहीत नाही.

ज्या 'इट्स'वरून माणसं सर्वांत जास्त चिडतात, त्याचंच बघा. 'त्याचा' या अर्थाचं 'इट्स' इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस आलं, त्याआधी तिथे 'हिज' चालायचं. पुढे बराच काळ हे 'इट्स' अपॉस्ट्रॉफी देऊनही लिहीत. आज जी ढोबळ चूक, ती तेव्हा छापली जात होती. १७६२ साली रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूंनी इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेव्हा चुकीचे नमुने म्हणून शेक्सपिअर आणि मिल्टनच्या ओळीही दिल्या. मग आमच्या पोरांनी काय करावं?

माझे आजोबा 'कांहीं', 'घरांत' असं लिहीत. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. लहानपणी त्यांच्या पत्रातले ते अनुस्वार मी चुका म्हणून त्यांना दाखवले होते. "आमच्या वेळेक ह्याच शुद्ध होता," एवढंच ते म्हणाले आणि पत्र घडी करून खिशात ठेवलं. ती घडी मला आज आठवली.

चुका तशाच राहू द्याव्यात असं मला अजिबात वाटत नाही. उद्या हीच पोर नोकरीचा अर्ज लिहील. वाचणारा तिच्या काकांसारखाच असला, तर पहिल्या ओळीतच अर्ज बाजूला पडेल. दर ६ जानेवारीला मी वर्गात सांगते, की बाळशास्त्री जांभेकरांचं पोंभुर्ले आपल्याच तालुक्यातलं, आणि विशीच्या आसपास असताना, १८३२ मध्ये, त्यांनी 'दर्पण' काढलं, एका स्तंभात इंग्रजी, शेजारी मराठी. हे सांगताना माझा ऊर भरून येतो. आणि आज त्याच तालुक्यातली एक मुलगी धीराने इंग्रजी लिहायला बसली, तेव्हा मी खांबाला टेकून गप्प उभी राहिले. याचं मला फार वाईट वाटलं.

दिवेलागणीला परत गेले. ती मागच्या दारी गवताच्या भाऱ्यावर बसली होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बाई, मी काय लिवलंय ता तेंका कळला नाय काय?"

"कळलं. सगळ्यांना कळलं," मी म्हटलं. "दुपारीच बोलायला हवं होतं मी."

मग आम्ही वही घेऊन बसलो. 'आर हॅविंग'चं 'हॅव' झालं. आंबे एकाहून जास्त आहेत, त्यांच्या मालकीचं काही सांगायचं नाही, म्हणून अपॉस्ट्रॉफी गेला. 'बेस्ट' मात्र तिने काढू दिलं नाही, फक्त आधी 'द' घातला. आंबे गवतातच ठेवा, फ्रीजमध्ये नको, ही ओळ तिने स्वतःहून जोडली, आणि ती अगदी बरोबर होती. शेवटी 'युअर्स' लिहिताना पेन थांबलं.

"हेका देवचो काय तो?"

"नाही. युअर्स, हर्स, इट्स, कोणालाच नाही."

"मगे काकांका इचारतंय," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

टेम्पो पहाटे पाचला येतो. पेट्या चाळीस आहेत. झेरॉक्सचं दुकान बंद झालेलं, म्हणून ती हातानेच लिहिते आहे. त्यांच्या पडवीतला दिवा इथून दिसतोय.