परसात वटवाघळांची पेटी: माझा अनुभव

अमेरिकेत टेक्सासमधल्या आमच्या ऑस्टिनच्या घरामागे वटवाघळांसाठी लाकडी पेटी लावायची ठरवली, तेव्हा आधी परवानगीचं बघावं लागलं. इथे परसात खांब रोवायचा तरी होमओनर्स असोसिएशनकडे (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेकडे) आराखड्यासकट अर्ज द्यावा लागतो. अर्ज परत आला. कारण: रेबीजची भीती आणि शेजाऱ्यांची हरकत.

मला मात्र ही पेटी हवीच होती. माझं माहेर यवतमाळकडचं, कापसाचं. बोंडअळी पडली की पाठीला पंप लावून फवारणारे बाबा आणि घरभर भरून राहिलेला तो उग्र वास मी विसरू शकत नाही. टेक्सासातली फ्री-टेल्ड, म्हणजे मोकळ्या शेपटीची, वटवाघळं बोंडअळीच्याच जवळच्या जातीचे पतंग रात्री हवेतल्या हवेत मटकावतात. पिलाला पाजणारी मादी एका रात्रीत स्वतःच्या वजनाच्या दोन-तृतीयांश कीटक खाऊ शकते. या वटवाघळांमुळे टेक्सासच्या दक्षिणेकडच्या आठ काउंटींमध्ये (जिल्ह्यांमध्ये) कापसाचं नुकसान टळून आणि फवारणी वाचून वर्षाला सुमारे ७ लाख ४० हजार डॉलरचा फायदा होतो, असं २००६ च्या एका अभ्यासात मांडलंय. पेटी लावली की डास संपतात असंही लोक सांगतात. त्यावर मी फारशी भिस्त ठेवत नाही; या जातीचं मुख्य खाणं पतंगच.

असोसिएशनच्या बोर्डाच्या बैठकीत मी आपल्याच ऑस्टिनचा दाखला दिला. काँग्रेस अव्हेन्यूचा पूल १९८० मध्ये नव्याने बांधला, त्याच्या अरुंद फटींत वटवाघळं शिरली आणि गावभर घबराट उडाली. हाकला, मारा, अशी मागणी झाली. आज उन्हाळ्यात तिथे सुमारे १५ लाख वटवाघळं असतात आणि संध्याकाळी ती बाहेर पडताना बघायला पर्यटक रांगा लावतात. रेबीज होतो तो मुख्यतः चावल्याने, म्हणून जमिनीवर पडलेल्या वटवाघळाला कुणीही हात लावायचा नाही, कुत्र्या-मांजरांना लस टोचलेली हवी, एवढं पाळलं की झालं. कोपऱ्यावरच्या आजोबांना नातवंडांची काळजी होती, ती रास्तच होती. खांब कुंपणापासून लांब, अशी अट घालून परवानगी मिळाली.

पेटीचं काम नवऱ्याने आणि मी मिळून केलं. आतली फट पाऊण इंचाचीच हवी; जास्त रुंद ठेवली तर त्यांना सुरक्षित वाटत नाही. आतल्या फळ्यांवर करवतीने आडव्या खाचा पाडल्या, म्हणजे नखं रुततात. आत रंग अजिबात नाही. इथलं ऊन भाजून काढतं, म्हणून बाहेरून फिका रंग दिला, पुढच्या फळीला खाली हवेची फट ठेवली आणि सांधे नीट बुजवले. झाडावर लावू नये: सावली पडते, साप चढतात. ही वटवाघळं खाली झेप घेऊनच उडतात, त्यामुळे पंधरा फुटांवर, खाली मोकळी जागा ठेवून, आग्नेयेकडे तोंड करून बसवली.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, लोक वटवाघूळ घराबाहेर काढतात आणि तू बोलावतेस?" बाबांनी मात्र पतंगांचं सगळं नीट विचारून घेतलं.

पहिला उन्हाळा रिकामा गेला. दुसऱ्या वर्षी, हिवाळ्यात मेक्सिकोत गेलेली वटवाघळं परतण्याच्या सुमाराला, खांबाखाली तांदळाच्या दाण्याएवढ्या काळ्या लेंड्या दिसल्या. काडीने दाबली तर लगेच चुरा झाला, आणि त्यात कीटकांच्या पंखांचे, कवचांचे चमकणारे कण! उंदराची लेंडी अशी भुरभुरत नाही. त्या दिवशी मी आनंदाने घरभर ओरडत फिरले.

ते खत गुलाबाला जातं, पण अगदी थोडं, आणि गोळा करताना मास्क लावून. त्या धुळीतून फुप्फुसाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. जूनमध्ये माद्यांना एकेकच पिलू होतं, तेव्हा पेटीच्या जवळही जात नाही. गांधीलमाशांची घरं काढणं, सांधे पुन्हा भरणं ही कामं पेटी रिकामी झाल्यावर, हिवाळ्यात. या हिवाळ्यात पहिल्या पेटीच्या बाजूला दुसरी पेटी लावायची आहे, थोडी सावलीकडची, म्हणजे ऑगस्टच्या उन्हात त्यांना सरकायला जागा होईल. तिचा अर्ज मागच्याच आठवड्यात दिलाय.