मसाईवरनं माघारी

"एवढ्या पावसात डोंगर तुडवता, कधी अर्ध्यातनं माघारी आलाय काय?" तालमीच्या कट्ट्यावर विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, परवा तर दाढी करता करता न्हाव्यानं विचारलं. "आलोय की," म्हणतो आणि विषय बदलतो. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

बेत साधा होता. आषाढातला एक दिवस आणि चार डोंगर: जोतिबा, पावनगड, पन्हाळा, मसाई पठार. आम्ही तिघं. पहाटेच्या एसटीनं जोतिबाला पोचलो तेव्हा पायऱ्यांवरचा गुलाल पावसानं वाहून गुलाबी ओघळ झाले होते. चांगभलं म्हटलं आणि दाणेवाडीच्या अंगानं उतरलो. वाघबिळात गरम मिसळ खाल्ली. इथं खरं तर घरी जायला हवं होतं, पण कट मिसळीनंतर माणसाला आपण काहीही करू शकतो असं वाटतं.

पावनगड धुक्यातच झाला. 1673 मध्ये पन्हाळा परत घेतल्यावर महाराजांनी शेजारची ही टेकडी का बांधून काढली, ते वर उभं राहिलं की समजतं म्हणतात. आम्हाला समोरचा पन्हाळाच दिसत नव्हता. पन्हाळ्यावर तीन दरवाज्याखाली जरा आडोसा मिळाला, मोजे पिळले, आणि राजदिंडीतून तुरुकवाडीकडे उतरलो. ही 1660 च्या जुलैमधली वाट. म्हणून लोक लगेच म्हणतात, महाराज त्या रात्री गेले, तुम्हाला दिवसा काय झालं? अहो, त्यांच्याकडे वाटेचा दगड न् दगड ओळखणारी माणसं होती. आणि पाऊस-अंधार त्यांना हवाच होता. आमच्याकडे फोन होता, तोही ओल्या बोटांना दाद देईना.

म्हाळुंग्यावरून मसाईचा चढ चढलो. दम लागला, पण घोर नव्हता. चढावर धुकं कितीही असो, वर कुठं नि खाली कुठं हे पाय सांगतात. पठारावर पोचलात की पायांना सांगण्यासारखं काही उरत नाही. मैलोन्मैल जांभा, त्यावर शेवाळ, घोट्याएवढं साचलेलं पाणी आणि दहा पावलांवर पांढरी भिंत. मी वारा तोंडावर ठेवून चालायचं सुचवलं. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा, म्हणजे पठारावरच्या मसाईदेवीच्या देवळाची दिशा बरोबर राहील. अर्धा तास हे जमलं. मग वारा पडला. धुकं आणखी दाटलं आणि थोड्या वेळानं आमच्याच बुटांचे ठसे पुढं आले, लाल चिखलानं अर्धे भरलेले.

तेवढ्यात एक ओहोळ दिसला, खळखळ वाहणारा. मी म्हणालो, पाण्यामागं जाऊ. उत्तरेला वारणेचं खोरं, दक्षिणेला कासारीचं; कुठंही उतरलो तरी गाव लागणारच. एक दोस्त तयार झाला. दुसरा, जो एरवी फारसं बोलत नाही, तिथंच खाली पाण्यात बसला. "मी येत न्हाई," म्हणाला. का, ते सांगेना. त्याला तसं सोडून जाता येईना म्हणून आम्ही थांबलो. मी त्याला बरंच बोललो. काय काय बोललो ते इथं लिहीत नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. घंटांचा आवाज आला, मग एक म्हैस आली, मग चार. मागं डोक्यावर इरलं घेतलेला म्हातारा.

"कुठं निघालायसा?"

"मसाईच्या देवळाकडं, बाबा."

"देऊळ कवाच मागं पडलं की." मग ओहोळाकडं बोट करून, "तिकडं नगासा जाऊ. पाणी कड्यावरनं उडी मारतंय, तुमास्नी जमंल व्हय?"

वाट कशी सापडते विचारलं तर म्हणाला, मला न्हाई सापडत, म्हसरांस्नी सापडती. त्या शेपट्यांमागून आम्ही चढलेल्याच बाजूनं खाली आलो. चौथा डोंगर झाला की नाही यावर आमच्यात अजून वाद आहे. देऊळ ओलांडलं म्हणजे झाला, असं एकाचं म्हणणं. न पाहिलेलं देऊळ मी धरत नाही.

दसऱ्यानंतर स्वच्छ उन्हात पुन्हा गेलो, मुद्दाम. देवळात जाऊन नारळ फोडला, मग ओहोळाची वाळलेली घळ शोधून काढली. आम्ही थांबलो होतो तिथून साधारण चाळीस पावलं जाते आणि संपते. पुढं नुसती हवा, आणि खाली कौलं. मी काठावरून मागं सरकलो. तो दोस्त जांभ्यावर बसून भडंग खात होता. काही बोलला नाही, पुडी तेवढी पुढं केली.