बिळातली कोळंबी आणि फ्लोटवरची गोगलगाय

सकाळी माझ्या खाऱ्या पाण्याच्या, प्रवाळ आणि माशांच्या टाकीतले निळे दिवे लागले की माझी नजर आधी डाव्या कोपऱ्यातल्या खडकाखाली जाते. तिथे एक बीळ आहे. बिळाच्या तोंडाशी पिवळी वॉचमन गोबी ही छोटी मासळी बसलेली असते आणि तिच्या मागून टायगर पिस्टल कोळंबी वाळूचा ढीग नांग्यांनी ढकलत बाहेर येते. या कोळंबीला फारच कमी दिसतं. म्हणून बाहेर असेपर्यंत तिची एक मिशी गोबीच्या अंगाला टेकलेली असते. मी काचेजवळ हात नेला की गोबी शेपटी थरथरवते आणि तेवढ्या इशाऱ्यावर कोळंबी आत पळते. हात आणखी जवळ नेला तर गोबीही तिच्या पाठोपाठ आत. बीळ खणायचं काम कोळंबीचं, पहारा गोबीचा. हे मी तीन वर्षं रोज बघते आहे आणि मला अजून त्याचा कंटाळा आलेला नाही.

ही कोळंबी नवीन होती तेव्हा एका रात्री टाकीतून ‘टक्’ असा कडक आवाज आला. काच तडकली असं वाटून मी टॉर्च घेऊन धावले. काच शाबूत होती. कोळंबी मोठी नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात एक बुडबुडा तयार होऊन फुटतो. तो आवाज त्याचा.

आज लिहायचं आहे ते मात्र गेल्या महिन्याबद्दल.

माझी टाकी सम्प, म्हणजे खाली ठेवलेली गाळणी-पंपांची जोडटाकी, धरून 180 लिटरची. रोज साधारण दोन लिटर पाणी वाफ होऊन जातं. वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ मागेच राहतं. त्यामुळे वरून भर घालायची ती गोड्या, आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेल्या) पाण्याची. सम्पमध्ये एक फ्लोट, म्हणजे तरंगणारा स्विच, आहे, पातळी उतरली की तो खाली येतो आणि शेजारच्या कॅनमधून छोटा पंप पाणी ओढतो. एका रात्री एक सेरिथ जातीची छोटी गोगलगाय ओव्हरफ्लोमधून (टाकीतलं पाणी खाली नेणाऱ्या वाटेने) सम्पमध्ये उतरली आणि नेमकी त्या फ्लोटवर चढून बसली. फ्लोट खाली दबून राहिला. पंप कॅन रिकामा होईपर्यंत चालला. कॅन 30 लिटरचा, नुकताच भरलेला.

सकाळी हॅमर कोरल हे प्रवाळ आपल्या सांगाड्यात पार आक्रसून गेलं होतं. झोअँथिड, प्रवाळांचे फुलांसारखे दिसणारे नातेवाईक, सगळे मिटलेले. रिफ्रॅक्टोमीटरमध्ये, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणात, आकडा 35 चा 30 झालेला, म्हणजे एक किलो पाण्यात 35 ऐवजी 30 ग्रॅम मीठ. क्लाउनफिशची जोडी मात्र रोजच्यासारखी खायला मागत वर आली. समुद्री माशाचं रक्त समुद्राच्या पाण्यापेक्षा खूप कमी खारट असतं. तो पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो, म्हणून असा फरक तो बराच निभावून नेतो. प्रवाळ आणि तारामासे यांच्या शरीरातलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकंच खारट राहतं. बाहेर बदललं की आतही बदलतं. प्रवाळ-खडकांत राहणाऱ्या कोळंब्यांनाही असा अचानक बदल सोसत नाही.

खडकाच्या पायथ्याशी माझी दुसरी कोळंबी, माशांच्या अंगावरचे परजीवी खाणारी क्लीनर कोळंबी, आडवी पडलेली दिसली. ती दर काही आठवड्यांनी कात टाकते आणि तिची रिकामी कात हुबेहूब कोळंबीसारखी दिसते, मिशांसकट. ही कातच असेल असं मनाला सांगत मी चिमटा घातला. कात उचलली की पाण्यात कागदासारखी तरंगते. हिला वजन होतं.

आता घाई करायची नाही, एवढं मला कळत होतं. एकदम मीठ टाकलं असतं तर उरलेल्यांना त्याच रात्रीचा दुसरा धक्का बसला असता, उलट दिशेने. आधी सम्पमधलं वाढलेलं 30 लिटर पाणी काढलं. मग बादलीत 40 खारटपणाचं पाणी करून त्यात रात्रभर पंप फिरवत ठेवला, तापमान टाकीइतकं म्हणजे 25 ला आणलं आणि रोज 20 लिटर काढून 20 लिटर हळूहळू आत सोडलं. त्यामुळे खारटपणा दिवसाला जेमतेम एक अंकाने चढतो. 35 वर यायला सहा दिवस लागले. अल्कलिनिटीही, म्हणजे प्रवाळाला सांगाडा बांधायला लागणाऱ्या पाण्यातल्या क्षारांचं माप, साडेआठवरून सव्वासातपर्यंत घसरली होती, ती त्याच ओघात सावरली. तिच्यासाठी वेगळं काही घातलं नाही.

आता माझा कॅन 10 लिटरचा आहे. तो पूर्ण रिकामा झाला तरी खारटपणा 33 च्या खाली जात नाही. फ्लोटला जाळीची टोपी केली आहे आणि वर दुसरा सुरक्षा फ्लोट लावला आहे. नव्याने टाकी लावणारे मला आधी दिव्यांबद्दल विचारतात. दिवा नंतर बघा. आधी चांगला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, तो नेमक्या 35 खारटपणाच्या कॅलिब्रेशन द्रावणाने जुळवून घ्या, आणि भरीच्या पाण्याचा कॅन टाकीच्या मानाने लहान ठेवा. मी हे सगळं वाचलेलं होतं, केलं नव्हतं. ती क्लीनर कोळंबी माझ्या हातावर चढून नखांभोवती कोरायची.

हॅमर तिसऱ्या दिवशी अर्धं फुललं, आठवड्याने पूर्ण. झोअँथिड त्याच्या आधीच उघडले होते. बिळाच्या तोंडाशी मात्र गोबी एकटीच बसत होती. चार दिवस, पाच दिवस. वाळू सरकलेली नाही, आतून आवाज नाही. मी रोज रात्री टॉर्चवर लाल कागद लावून बघायचे आणि झोपायला जायचे.

नवव्या दिवशी सकाळी बिळासमोर ताज्या, पांढऱ्या वाळूचा ढीग होता. गोबी जागेवर बसली होती आणि तिच्या शेपटीवर मागून आलेली एक मिशी टेकलेली होती.