सोळातला उरलेला आणा

दिवाळी आटोपली की आमच्या गावच्या पारावर एकच विषय असतो, पैसेवारी, म्हणजे नेहमीचं पीक रुपयाभर धरलं तर यंदाचं किती पैसे, याचा सरकारी अंदाज. कागदावर ती पैसेवारी, तोंडात मात्र आणेवारीच. ५० पैशांच्या आत आली तर सरकारकडून काहीतरी पदरात पडायची आशा. ५० पैसे म्हणजे आठ आणे. रुपयाचे आणे १ एप्रिल १९५७ला गेले, पण वऱ्हाडातलं पीक अजून सोळातच मोजलं जातं. त्यातही आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो, त्यामुळे म्हातारे 'सोया आने पीक' म्हणतात आणि नव्या पोरांना ते सोयाबीनचं वाटतं.

सोळाच का, हे मला आजीच्या गुळाच्या भेलीनं शिकवलं. घरात तराजू होता, वजनं हरवलेली. आजी भेली फोडून दोन्ही पारड्यांत टाकायची, काटा मधे आला की निम्मं. निम्म्याचं पुन्हा निम्मं. असं चारदा केलं की सोळावा हिस्सा, एकाही वजनाशिवाय. दहा एकदाच अर्धे होतात आणि पाचापाशी अडतात. शंभर पंचविसापाशी. सोळा मात्र आठ, चार, दोन करत थेट एकापर्यंत उतरतात. नव्या पैशात एका आण्याचे सव्वासहा पैसे होत होते, धरायचे सहा. आमचे आबाजी अजून सांगतात, "सुटे सोया आने देल्ले असते त शायन्नव पैसेच आले असते!"

या आकड्याचे आणखी लाड आहेत. दोनाला दोनानं गुणत चार दोन घ्या, नाहीतर चाराला चारानं गुणत दोन चार घ्या, उत्तर सोळाच. अशी अदलाबदल दोन वेगळ्या धन पूर्णांकांत दुसरीकडे कुठे जमत नाही (तीन दोन घेतले तर आठ, दोन तीन घेतले तर नऊ). चार हात लांब, चार हात रुंद सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वाफा केला, तर कुंपण सोळा हात आणि जागाही सोळा चौरस हात. अर्थात हाताऐवजी फूट धरले की ही गंमत गेली. तिचा मला फार भरवसा नाही.

मला खरी आवडते ती त्याची खोट. अर्धी भेली एकाला, पाव दुसऱ्याला, मग दोन आणे, मग एक आणा. आठ, चार, दोन, एक. झाले पंधरा. सहाचे विभाजक एक, दोन, तीन मिळून बरोबर सहा भरतात. सोळाचे एकानं कमी. आठ, बत्तीस, चौसष्ट, दुपटीच्या त्या सगळ्या घराण्याचं असंच. त्या घराण्याबाहेरचा, नेमका एकानंच कमी पडणारा आकडा अजून कुणाला सापडलेला नाही, आणि तसा नसतोच हेही कुणी सिद्ध केलेलं नाही. भेलीतला तो उरलेला खडा आजी डब्यात टाकायची.

परवा वावरात आबाजींना विचारलं, "यंदा आपलं किती आने?"

त्यांनी सोयाबीनची एक शेंग फोडली, दाणे तळहातावर फिरवले, इकडेतिकडे पाहिलं.

"साडेआठ," ते हळूच म्हणाले, "पन पारावर सांगू नको, बाप्पा."