शाळेला रंग सगळ्यात शेवटी

जिल्हा परिषदेच्या सातवी-आठवीपर्यंतच्या शाळेचं नूतनीकरण म्हटलं की गावात आधी दोनच गोष्टी निघतात: बोलक्या भिंती आणि डिजिटल वर्ग. दोन्ही फोटोत छान दिसतात. पण गळक्या स्लॅबखालचा रंग पहिल्याच पावसाळ्यात पोपडे धरतो आणि जुन्या वायरिंगवर लावलेलं डिजिटल वर्गाचं पॅनल, म्हणजे मोठा टच स्क्रीन, बंद पडून कपाटात जातं. काम वरून खाली करायचं: छत, वायरिंग, पाणी आणि संडास, फरशी, मग रंग. पॅनल त्याच्याही नंतर.

छताला सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो. वर्गात घोडा (वर चढून उभं राहायचं स्टँड) लावून स्लॅबच्या खालच्या बाजूला हातोडी हलकेच ठोकत न्यायची. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तिथलं काँक्रीट सळईपासून सुटलंय. सळई गंजली की फुगते आणि खालच्या काँक्रीटची खपली बाहेर ढकलते, म्हणून वरून नुसतं प्लास्टर मारलं की ते खपलीसकट खाली येतं, बहुतेकदा बाकांवर. सुटं काँक्रीट सळईच्या मागे बोट जाईल इतकं फोडायचं, सळई तारेच्या ब्रशने घासून चकचकीत करायची, गंजरोधक लावायचं आणि पॉलिमर मिसळलेलं मॉर्टर थराथराने भरायचं. सळईमागची फोड वेळखाऊ असते, त्यामुळे ठेकेदार नेमकी तीच टाळतात. भरण्याआधी कुणीतरी वर चढून बघायलाच हवं. सळयाच झिजून बारीक झाल्या असतील तर डागडुजीचा हट्ट सोडावा. स्ट्रक्चरल ऑडिट करून खोलीच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून काढून पाडण्याचा, प्रस्ताव पाठवणं बरं.

गच्चीवर मात्र आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी होतं. पाणी टपकतं वर्गाच्या मधोमध, म्हणून डांबर तिथेच ओततात. खरं तर ते शिरतं कठड्याच्या सांध्यातून किंवा पावसाळी पाइपाच्या तोंडाशी. कोब्याला (गच्चीवरच्या उताराच्या थराला) मीटरमागे किमान 1 सेंटीमीटर उतार, कठड्याच्या कोपऱ्यात गोलाई, आणि वॉटरप्रूफिंग कठड्यावर वीतभर तरी चढवलेलं, इतकं झालं की निम्मी गळती थांबते. काम झाल्यावर पाइपांची तोंडं बंद करून गच्चीत 48 तास पाणी साठवायचं आणि खाली ओल दिसते का ते पाहूनच मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाच्या नोंदवहीत) सही करायची. हे सगळं मे आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बसवायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच गावात पाणी नसतं. कोब्याला किमान 7 दिवस पाणी मारावं लागतं; टँकरचा खर्च अंदाजपत्रकातच धरा.

कोकणातल्या कौलारू शाळेचे वासे-रीपा धड असतील तर कौलं काढून पत्रा घालू नये. चौरस मीटरला साधारण 15 मंगलोरी कौलं लागतात, शिवाय शेकडा दहा जादा आणून ठेवावीत, माकडांच्या नावाने. पत्र्यावर जुलैचा पाऊस सुरू झाला की शिकवणं ऐकूच येत नाही.

वायरिंगमध्ये पहिला प्रश्न एकच: अर्थिंगची तिसरी तार आहे का? बऱ्याच जुन्या खोल्यांत ती नसतेच. दिवे-पंख्यांना 1.5 चौरस मिमीची तार, पॅनलच्या 16 अँपियर सॉकेटला 2.5 ची वेगळी, प्रत्येक खोलीला स्वतंत्र एमसीबी (जादा प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच) आणि मेनवर 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळून शॉक बसू लागला की सप्लाय तोडणारा). अर्थिंग मे महिन्यात मोजावं. ऑगस्टमधल्या ओल्या मातीत वाईट अर्थिंगही चांगलं दिसतं. खांबावरचा न्यूट्रल सुटला की व्होल्टेज भलतंच चढतं आणि साधा स्पाइक गार्ड तिथे कामाचा नाही, जादा व्होल्टेजला सप्लाय तोडणारा प्रोटेक्टर घ्या. सोलर बसवणार असाल तर वॉटरप्रूफिंगनंतरच, आणि स्ट्रक्चर काँक्रीटच्या ठोकळ्यांवर. नव्या कोब्यात ड्रिल मारून बोल्ट ठोकले की वरचं सगळं फुकट. उन्हाळ्यात निर्मिती भरपूर आणि शाळा बंद, त्यामुळे नेट मीटरिंग (जादा वीज ग्रिडला देऊन बिलातून वळती करणं) नसेल तर ती वीज वाया जाते.

संडासासाठी 40 मुलांमागे एक शौचकूप आणि तीन मुताऱ्या हे प्रमाण धरावं, मुलींचे वेगळे. पाणी कमी असेल तर तीव्र उताराचं ग्रामीण भांडं बसवा, त्याला दीड-दोन लिटर पुरतं. दुकानातलं देखणं शहरी भांडं बादलीभर मागतं, ती बादली कुणी ओतत नाही, आणि महिन्याभरात दाराला कुलूप लागतं. मुलींच्या संडासात आतून लागणारी कडी आणि पिशवी अडकवायला खुंटी हवी. किरकोळ वाटतं, पण अंदाजपत्रकात हटकून राहतं.

रॅम्पचा उतार 1:12. जोतं 45 सेंटीमीटर असेल तर लांबी 5.4 मीटर होते. गवंडी दोन मीटरमध्ये उरकतो आणि शाळेला घसरगुंडी मिळते. शहाबादी फरशी काढून गुळगुळीत टाइल्स घालू नयेत. दरजा भरून पॉलिश केलेली शहाबादी पावसाळ्यात कमी घसरते.

पैशाचं म्हणाल तर समग्र शिक्षाचं संयुक्त अनुदान 31 ते 100 पटाला वर्षाला 25,000 आणि 101 ते 250 ला 50,000. त्यातूनच वीजबिल, खडू आणि किरकोळ दुरुस्ती, वर किमान 10 टक्के स्वच्छतेवर. छताचं काम यात बसत नाही. त्याला शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, अंदाजपत्रक आणि मंजुरी लागतेच, म्हणून हा कागद दिवाळीआधी हलला पाहिजे. संडास आणि पाण्याचं काम ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या बंधित (ठराविक कामांसाठीच राखलेल्या) निधीतून मागता येतं.

रंगाआधी नवं प्लास्टर महिनाभर वाळू द्या. लोणा (ओलीमुळे येणारा क्षारांचा पांढरा थर) लागलेल्या भिंतीचं जुनं प्लास्टर खरवडून काढल्याशिवाय वर काहीही लावू नका. पॅनल खिडकीसमोर नको, चकाकीने मागच्या बाकांना काही दिसत नाही. मुलं हात लावतील या भीतीने ते उंच टांगतात. खालची कड जमिनीपासून 75-80 सेंटीमीटरवर ठेवा, म्हणजे सहावीतल्या बुटक्या मुलाचाही हात वरपर्यंत पोचतो.