अजून हांगाच?

शुक्रवारी ऑफिसातून निघताना तो पोरगा माझ्या खुर्चीमागून जाता जाता थांबला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, अजून हांगाच?" कोकणीत, अजून इथेच? एवढंच. हसला, हेल्मेट उचललं, गेला. मनाने वाईट नाही तो. त्याला विचारायचं होतं ते इतकंच की तुम्ही रस्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकताय तर अजून ओनरशिपच्याच, म्हणजे मालकीच्या धड्याच्या, एक्सरसाइजवर का. पण पणजीहून डिचोलीला घरी येईपर्यंत ते दोन शब्द डोक्यात घोळत राहिले, आणि आज रविवार, पाऊस धो धो, अजून घोळतायत.

हांगाच म्हणजे कुठे? त्या फोल्डरात? या खुर्चीवर? बरोबरचे सगळे बेंगळुरू, पुणे करून त्यापलीकडे पोचले, दादा बहारीनला गेला तो गेलाच, आणि मी... मलाही बोलावणं आलं होतं एकदा, बाबांचं तेव्हा ते सगळं चालू होतं. असो, तो विषय नको.

रस्टलिंग्ज करतोय. रस्ट शिकायचे छोटे छोटे गृहपाठ असतात त्यात. फाइल उघडायची, आतला कोड मुद्दाम मोडून ठेवलेला, तो दुरुस्त करायचा, सेव्ह केलं की टर्मिनलमध्ये लगेच कळतं जमलं की नाही. माझ्याकडची प्रत जुनी, तिच्यात प्रत्येक फाइलला 'आय ॲम नॉट डन' अशी एक कॉमेंट असते, कोड चालला तरी ती ओळ आपल्या हाताने खोडल्याशिवाय पुढचं येत नाही. नव्या आवृत्तीत ही भानगड काढून टाकली म्हणे. मला आवडते ती. चाललं म्हणजे कळलं असं नसतं, आणि ती ओळ खोडायची की नाही हे माझं मी ठरवतो, तिथे कोणी मागून डोकावत नाही. म्हणजे डोकावतात, शुक्रवारी.

इतकी वर्षं जावा या भाषेत गेली, तिथे ऑब्जेक्ट कोणीही कोणाला द्यावा, चार जणांनी एकदम धरून ठेवावा, शेवटी नको झालेली मेमरी आवरायला गार्बेज कलेक्टर आहेच. इथे तो नाही. एका व्हॅल्यूला एका वेळी एकच मालक, फंक्शनला व्हेक्टर, म्हणजे यादी, दिला की गेला तो, खाली परत वापरायला गेलात की ई०३८२ नंबरचा एरर. आणि तो एरर नुसता ओरडत नाही, तुमचाच कोड समोर मांडून खाली खुणा करून दाखवतो, इथे तुम्ही दिलात, इथे परत मागताय, आणि शेवटी एक सल्ला, क्लोन, म्हणजे नक्कल, करून बघा, परफॉर्मन्सची किंमत परवडत असेल तर. एररची ही मांडणी २०१६ साली नव्याने केली, एल्म नावाच्या भाषेकडे बघून. मी सीप्लसप्लसच्या टेम्प्लेटच्या चुका वाचत मोठा झालेला माणूस, पानंच्या पानं यायची आणि त्यात आपली ओळ कुठली ते शोधण्यातच दुपार जायची. खरं सांगायचं तर तो सल्ला वाचून जरा गलबललंच. ऑफिसात मला कोणी काही इतकं नीट, चेहरा वाकडा न करता, शेवटचं कधी समजावलं?

क्लोन लावत सुटलं की सगळं पटापट पास होतं. पोरगा तसाच पुढे गेला असणार. (हे जळून लिहितोय, कळतंय मला.) मी ठरवलंय की का अडलं ते कळल्याशिवाय क्लोन लावायचा नाही, म्हणून अजून हांगाच.

आज सकाळचा गृहपाठ मात्र छान होता. एक एक्स, किंमत १००. वाय आणि झेड दोघांनी तो बदलायसाठी उसना घेतलाय. वाय त्यात १०० घालणार, झेड १०००, शेवटी १२०० यायला हवेत. कंपायलर, म्हणजे कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्रॅम, म्हणतो एका वेळी दोघांना बदलायला देणार नाही. आणि अट अशी की ओळ वाढवायची नाही, काढायची नाही, बदलायची नाही, फक्त क्रम बदलायचा. घरात स्कूटर एक आणि दादा नि मी दोघे चावी मागणारे, तसंच हे. झेडने उसनं घेतल्याची ओळ खाली सरकवली, वायचं काम आधी उरकू दिलं, झालं! मध्येच लाईट गेली, पण लॅपटॉपला चार्ज होता.

मग जरा खोलात शिरलो तर कळलं की २०१८च्या आधी हे उत्तर चाललंच नसतं. तेव्हा उसनवारी ब्लॉकच्या शेवटच्या कंसापर्यंत धरायचे, वायचं काम कधीच आटपलेलं असलं तरी. शेवटचा वापर कुठे झाला ते बघून तिथेच सोडून द्यायचं, हे कंपायलरला २०१८च्या डिसेंबरात आलं. आणि भाषेची पहिली पक्की आवृत्ती, १.०, आली होती मे २०१५ मध्ये. म्हणजे साडेतीन वर्षं लोक त्याच्यात खरंखुरं काम करत होते आणि कंपायलरला आपला वाय मोकळा झालाय हे कळत नव्हतं! त्याला नाही कोणी विचारलं, अजून हांगाच?

हे वाचून एकटाच हसलो. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, कोणाचा फोन?

या भाषेची सुरुवातसुद्धा अशीच वैतागातून झालेली. ग्रेडन होअर, २००६ साल, व्हँकुव्हरमधल्या त्याच्या इमारतीची लिफ्ट सॉफ्टवेअर कोसळल्यामुळे बंद, आणि हा राहायला एकविसाव्या मजल्यावर. जिने चढून वर गेला आणि भाषा लिहायला घेतली. तेव्हा तो २९ वर्षांचा. आमच्या ऑफिसची लिफ्ट पावसाळ्यात आठवड्याआड बंद असते, पण आम्ही दुसऱ्या मजल्यावर, एवढ्यात माणूस फार तर चहा मागवतो.

कॉमेंट खोडली. पुढचा धडा स्ट्रक्ट.

तेवढ्यात त्या पोराचाच मेसेज. महिनाअखेरीच्या व्याजाची ती जुनी प्रोसिजर आहे ना, तिच्यात मध्येच एक पैसा वजा केलाय तो का, काढला तर सगळे टोटल चुकतायत, सर प्लीज. ती मीच लिहिलेली, तो पैसा का आहे ते सांगायला अर्धा तास आणि एक कागद लागेल. आईने खतखतं वाढलंय, श्रावण आहे, पान वाढल्यावर उठवत नाही. त्याला लिहिलं, जेवून फोन करतो, तोवर काही डिलीट करू नको.