चालशे, फावशे

शनिवार, १८ जानेवारी २०२५. रात्री साडेदहा.

उत्तरायण झालं तरी गल्लीतल्या तारांवर पतंग अजून लटकताहेत. सकाळी सव्वासातला त्यांच्याखालीच शाळेची रिक्षा उभी होती. एरवी मी गॅलरीतूनच टाटा करते. आज डबा वरच राहिला म्हणून खाली धावले आणि सगळं जवळून पाहिलं. मागच्या सीटवर चौघं, त्यांच्यासमोर ठोकलेल्या फळीवर आणखी चौघं, दप्तरं बाहेरच्या हुकांना. आमचं ध्यान पुढे, रिक्षाकाकांच्या सीटच्या कडेला, एक पाय बाहेर. सहा वर्षांचं पोर!

"हे काय?" म्हटलं, तर काका हसले. "नानां छोकरां छे बेन, समाई जशे." म्हणजे लहान मुलं आहेत, मावतील.

"आणि पडला म्हणजे?"

"आज सुधी तो चाल्युं ने?"

यावर काय बोलणार? जूनमध्ये त्यांनी "एकाद छोकरुं वधारे बेसशे, चालशे ने?" असं विचारलं होतं, तेव्हा "चालेल" मीच म्हटलं होतं. व्हॅनपेक्षा महिन्याला चारशे रुपये कमी पडत होते.

बडोद्यात राहणाऱ्याला ती चौकडी पाठच असते. चालशे, फावशे, गमशे, भावशे. म्हणजे चालेल, जमेल, आवडेल, रुचेल. सासूबाईंना या शब्दांचा केवढा अभिमान! दांडिया बाजारातल्या वाड्यात चार बिऱ्हाडं एका नळावर राहिली ती याच शब्दांवर, असं त्या सांगतात. अवेळी पाहुणा आला, भाजी संपलेली, लोणचं-भात वाढला तरी तो म्हणणार, चालशे. यातला मोठेपणा मलाही कळतो. कुरकुरणाऱ्या माणसापेक्षा चालवून घेणारा माणूस कधीही बरा.

पण "मी चालवून घेते" म्हटलं की निदान कोण चालवून घेतंय ते तरी कळतं. "चालेल"मध्ये माणूसच नाही. कोणाला चालेल? काय चालेल? रिक्षाकाकांनी विचारलं एका जादा मुलाबद्दल, मी हो म्हटलं चारशे रुपयांना, आणि सीटच्या कडेला बसलं तिसरंच कोणी. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

एक गंमत आठवली. लग्नानंतर पहिल्यांदा पुण्याला गेले तेव्हा "मला या खुर्चीत फावत नाही" म्हणाले आणि सगळे हसले. गुजरातीत फावणं म्हणजे सोयीचं वाटणं, जमणं. तिकडे "त्याचं चांगलंच फावलं" म्हणजे दुसऱ्याच्या गाफीलपणाचा त्याने फायदा उठवला. तेव्हा मी लाजले होते. आज वाटतं, दोन्ही अर्थ एकाच शब्दात राहतात ते उगीच नाही. आपण "फावशे" म्हणतो आणि कुणाचं तरी फावतं. या खेपेला माझंच फावलं होतं.

याच गावात सयाजीरावांच्या काळात राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश निघाला होता, १९३१ साली. हुकूम नेमका हवा, बाकी चालशे!

आज हरणीच्या दुर्घटनेला वर्ष झालं. इथल्याच हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण बसवले होते आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेटं नव्हती. त्या दिवशी घाटावर कोण काय म्हणालं, मला ठाऊक नाही. पण फळीवरची मुलं मोजताना सकाळी तेच डोळ्यांपुढे आलं.

शेवटी पोराला रिक्षातून उतरवलं आणि स्कूटरवर नेऊन सोडलं. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, तर माझ्या तोंडून निघालं, "इथं तर जायचं होतं." ह्यांनी फक्त पेपर उलटला.

रिक्षाकाका वाईट नाहीत. गेल्या पावसाळ्यात शाळेबाहेर गुडघाभर पाणी साचलं, तेव्हा एकेका मुलाला कडेवर घेऊन त्यांनीच बाहेर काढलं होतं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "बेन, सोमवारे बाबाने लेवा आवुं ने?"

मी म्हटलं, "बघते."

"सारुं," म्हणाले आणि फोन ठेवला. माझं "बघते" त्यांनी हो समजलं की नाही, कोण जाणे. सोमवारी सव्वासातला हॉर्न वाजतो का ते ऐकायचं.